पेन जुना झाला, आता मॉड घेऊ का?

‘सर, पेनने आता काही होत नाही. मॉड घेतो. किती वॅटचा बघू?’ पेन म्हणजे पेनाच्या आकाराची ई-सिगारेट, मॉड म्हणजे तिचं मोठं, जास्त वॅटचं यंत्र. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या क्लासमध्ये मी विजेचे धडे शिकवतो. वॅट आणि ओहम मला कळतात, म्हणून हा प्रश्न हळू आवाजात माझ्यापर्यंत येतो. राजेंद्र नगरातल्या गल्लीतली मुलंही विचारतात, ‘काका’ म्हणून. त्यांच्या आयांचा प्रश्न वेगळा असतो: ‘भाऊ, ती नुसती वाफच ना?’

मुलांना माझं उत्तर आहे, घेऊ नका. पण एवढं ऐकून अठरा-वीस वर्षांचं पोर थांबत नाही. त्याला कारण हवं असतं आणि ते मागायचा त्याला हक्क आहे.

आधी यंत्र बघू. पेनमध्ये एक छोटी लिथियम बॅटरी, तापणाऱ्या बारीक तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल आणि निकोटिनच्या द्रवात भिजलेला कापूस असतो. कॉइलचा रोध १.२ ओहम धरा, बॅटरी ३.७ व्होल्टची. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध केलं की शक्ती येते सुमारे ११ वॅट. मॉडवर ०.२ ओहमची कॉइल लावली, तर त्याच ३.७ व्होल्टला ६८ वॅट होतात आणि बॅटरीतून साडेअठरा अँपिअर प्रवाह ओढला जातो. घरात गीझरला लावतो तो सॉकेट १६ अँपिअरचा असतो. मॉडमध्ये व्होल्टेज कमी म्हणून शॉक बसत नाही, पण एवढा प्रवाह देताना सेल तापतो. १८६५० नावाचे सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, सगळे सारखे नसतात. काही २० अँपिअर सतत देऊ शकतात, बरेचसे त्याच्या निम्मेही नाही. वेष्टणावर छापलेला आकडा खरा आहे की नाही, हे दुकानात उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. आणि वेष्टण फाटलेला सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकला, तर शॉर्ट होऊन मांडी भाजते.

बॅटरीची काळजी मात्र मला दुसऱ्या नंबरची वाटते. पहिली आहे निकोटिनची.

इथे चोरून विकल्या जाणाऱ्या पेनांवर अनेकदा ‘५ टक्के’ लिहिलेलं असतं. म्हणजे दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते २ मिलिग्रॅम निकोटिन जातं. पेनच्या द्रवातलं सगळं काही रक्तात जात नाही, तरी दिवसाला दोन मिलिलिटर संपवणाऱ्या मुलाने १०० मिलिग्रॅम हाताळलेलं असतं. त्यातून हे निकोटिन क्षाराच्या रूपात असतं. ते घशाला टोचत नाही, त्यामुळे किती ओढलं ते कळतच नाही. मेंदूला त्याची सवय होते, तेवढ्याने भागत नाही, आणि मग मुलगा म्हणतो, ‘पेनने काही होत नाही.’ कमी पडतंय ते यंत्र नाही, मागणी वाढलेली आहे. तिला मोठं यंत्र दिलं की ती आणखी वाढते. ही एक गोष्ट कळली तरी माझं अर्धं काम झालं असं मी मानतो.

कुणी हुशार मुलगा म्हणतो, मॉडमध्ये द्रव हलका घालेन, ३ मिलिग्रॅमचा. बरोबर आहे, मोठ्या मशीनला तसाच द्रव लागतो. पण तिथे धूर तोंडात न थांबवता थेट छातीत ओढतात आणि दिवसाला दहा-बारा मिलिलिटर सहज जातो. १२ गुणिले ३ म्हणजे ३६ मिलिग्रॅम. निकोटिन घटलं, पण फुप्फुसातून जाणारा द्रव सहापट झाला. आणि ती नुसती वाफ नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि खायच्या पदार्थांसाठी बनवलेले स्वाद तापवून आपण श्वासात घेतो. खाण्यात चाललेलं श्वासातही चालेल, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. कापूस कोरडा पडून कॉइल जास्त तापली की फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार होतात. तारेतल्या निकेल-क्रोमियमचे अंशही त्या धुरात सापडले आहेत.

‘लंडनचा चुलतभाऊ तर दुकानातून घेतो,’ हेही ऐकवलं जातं. घेतो. तिथे निकोटिनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी विकता येत नाही आणि वापरून फेकायचे पेन १ जून २०२५ पासून बंद आहेत. शिवाय तिथले डॉक्टर ते सिगारेट सोडू पाहणाऱ्याला सुचवतात, कधीच न ओढलेल्याला नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये आधी अध्यादेश आला, मग कायदा. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवण सगळ्यावर बंदी. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदीबद्दल मतं वेगळी असतील, पण परिणाम उघड आहे: इथे मिळणारी प्रत्येक बाटली आणि प्रत्येक मॉड कुणीही न तपासलेला आहे.

सिगारेट सुटावी म्हणून पेन धरलेली माणसंही मला भेटतात. बहुतेक माझ्या वयाची, त्यातले काही बिडीवाले होते. त्यांना मी दटावत नाही. सिगारेटच्या धुरापेक्षा हे कमी घातक, हे खरंच आहे. पण त्यांनी पेनवरून मॉडवर नाही, पेनवरून खाली यायचं. निकोटिनचे च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅमचे येतात. ते साधं गम म्हणून चावत सुटायचं नाही. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, थांबल्या की पुन्हा चावायचं. त्वचेवर लावायचे पॅच आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीने गोळ्याही आहेत. १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी नंबर फुकट आहे, आणि पलीकडे माणूस बोलतो.

मुलांनो, तुम्हीही तोच नंबर लावा. पहिले तीन-चार दिवस चिडचिड होईल, झोप बिघडेल, अभ्यासात मन लागणार नाही. म्हणून परीक्षेच्या तोंडावर सुरू करू नका, पण ‘परीक्षा झाल्यावर’ म्हणून वर्षही घालवू नका. घरी सांगता येत नसेल तर मला सांगा, तुमच्या आईशी मी बोलेन. आणि पेन ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. आत लिथियम आहे, दाबला गेला तर पेट घेतो. आपल्या कचरागाडीला इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात द्या.