आबांची मूठ

आबांची डावी बाजू लुळी पडून दोन महिने झाले. आज मी परभणीहून गावी आले अन् त्यांचा व्यायाम मीच घेतला. एक हात सांध्याच्या वर, एक खाली, सावकाश हलवायचं, अडलं की थांबायचं. खांदा तर ओढायचाच नाही. "जोर लाव की पोरी, मोकळं होईल," शेजारच्या काकू म्हणाल्या. जोर लावूनच बिघडतं, पण काकूंना कोण सांगणार!

मूठ काही केल्या उघडेना. मग मनगट जरा आत वाकवलं, बोटं आपोआप सैल पडली. तळव्यावर नखांचे चार वण, घामाचा आंबूस वास. ह्याच हातानं आबा कापूस वेचायचे. पुसून कोरडं केलं, नखं कापली.

आबा एवढंच बोलले, "नळाला पाणी सुटलं का, बघ माय."