प्रोजेक्ट द्यायचा तर काजूच्या बीचा द्या

बीकॉम-बीएमएसच्या मुलांकडून शंभर प्रश्नावल्या भरून घेणं आता पुरे. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी या पट्ट्यात काजू फोडणारी छोटी युनिटं कितीतरी आहेत. तिथल्या मालकाला एकच आकडा हवा असतो: एक किलो गर नेमका कितीला पडतो? तो काढून द्यायला लावा.

तीन-चार जणांचा गट, एक युनिट, १०० किलो बी. गोण्यांवर खूण करायची आणि बी वाफवण्याआधी, फोडल्यावर, गर सुकवल्यावर, साल काढल्यावर आणि प्रतवारीनंतर वजन घ्यायचं. हा माल दुसऱ्या मालात मिसळला की सगळी मेहनत वाया, म्हणून बी फोडण्याच्या दिवशी गटातलं कुणीतरी सकाळपासून तिथे हवंच.

बीचा भाव १५० रुपये किलो धरा. गर २५ किलो निघाला तर नुसत्या बीचा खर्च किलोला ६०० रुपये. २२ किलोच निघाला तर ६८२. मधले ८२ रुपये पोचट, किडक्या किंवा ओलसर बीत गेलेले असतात आणि ते खरेदीच्या दिवशीच वजनकाट्यावर गेलेले असतात. तुकड्याचं गणित वेगळं. त्यात वजन राहतं, भाव पडतो. मुलं अख्खा गर आणि तुकडा यांची सरसकट सरासरी काढतात, तिथेच हिशेब फसतो. डब्ल्यू-३२० ही अख्ख्या गराची एक प्रत: एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. हे मुलांनी स्वतः मोजून बघावं.

हिशेबात धरायचं सर्वात जास्त राहून जातं ते व्याज. बी मार्च ते मे घ्यायची, गर मात्र गणपती-दिवाळीपर्यंत विकत राहायचा. १५,००० रुपये सहा महिने अडकले, तर १२ टक्क्यांनी ९०० रुपये, म्हणजे २५ किलो गरावर किलोला ३६. घरच्या बायका साल काढत असतील तर त्यांची मजुरीही चालू दराने धरायचीच; ती शून्य धरली की धंदा उगाच फायद्यात दिसतो. टरफल विकून आलेले पैसे खर्चातून वजा करा.

हंगाम नेमका परीक्षांच्या तोंडावर येतो. त्यामुळे खरेदीची बिलं मेच्या सुट्टीत बघावीत आणि वजनं जुलै-ऑगस्टमध्ये साठवलेल्या बीवर घ्यावीत. मालकाचे आकडे परवानगीशिवाय वर्गात दाखवायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या.

कॉलेजला जाडजूड अहवाल जाऊ दे. मालकाला मराठीत एकच पान द्या, आणि गुण देण्याआधी शिक्षकांनी त्याला फोन करून विचारावं, आकडा पटला का.