दर सांगून थांबायचं: आमची वाटचाल

गोव्यातल्या सत्तरी आणि फोंडा तालुक्यांतल्या कुळागरांतून, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागांतून, एप्रिल-मे महिन्यांत भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, येतात. त्यांची सोलं (आमसुलं), आगळ (खारवलेला रस) आणि सरबत, एवढाच आमचा धंदा. काम करणाऱ्या बायका आणि निर्णय घेणाऱ्याही बायकाच. यंत्रं कुठली घेतली, दुकानं किती जोडली, हे सांगता येईल. पण नव्यानं धंद्यात उतरणाऱ्या बहिणींना त्यापेक्षा उपयोगी काही सांगायचं आहे: ‘हे आपल्याला जमेल का’ ही शंका नेमकी कुठल्या कामात धरते आणि तिथून ती कशी हलवायची.

माल बनवताना ती कमी असते. भिरंड फोडून बी आणि गर काढायचा, साली त्याच रसात मीठ घालून भिजवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. हे घराघरांतून आलेलं ज्ञान. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, कारण हा रस अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड खातो. मेअखेरीस आभाळ भरून आलं की अर्धवट वाळलेल्या सोलांना बुरशी धरते. उन्हातली गरम सोलं लगेच पिशवीत भरली तर आत घाम सुटून तीच गत, म्हणून पूर्ण गार झाल्याशिवाय भरायची नाहीत. वाद होई तो सरबताच्या पाकावर. दोघींची दोन मतं पडली की घरातल्या कुणा पुरुषाला बोलावलं जाई, मग त्यानं आयुष्यात पाक केलेला नसला तरी. पाकात साखर वगैरे किती विरघळली आहे ते आकड्यात दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर आल्यावर हे थांबलं. विद्राव्य घटक किमान 65 टक्के हवेत. गार केलेल्या पाकाचा एक थेंब काचेवर ठेवायचा, आकडा वाचायचा आणि त्या खेपेच्या तारखेसह वहीत लिहायचा. वही जिच्याकडे, त्या दिवशी शब्द तिचा.

दराच्या वेळी मात्र जीभ अडखळते. दुकानदारानं काही म्हणण्याआधीच ‘जास्त वाटला तर कमी करू’ असं तोंडून जातं. याचं कारण स्वभावात शोधण्यापेक्षा हिशोबात शोधा. आपला खर्च आपल्यालाच पक्का ठाऊक नसतो, म्हणून दर आपल्यालाच खरा वाटत नाही. आम्ही प्रत्येक बाटलीचा कागद करतो. समजा, फळ आणि साखर 38 रुपये, बाटली-झाकण-लेबल 17, मजुरी 20, गॅस-वीज-भाडं 8, बाटल्यांची फूटतूट आणि वाहतूक 7. झाले 90. इथं बहुतेकजणी थांबतात. चालवणाऱ्या बाईचा स्वतःचा पगार, बाटलीमागे 10 रुपये, धरतच नाहीत. घरचंच काम म्हणून सोडून देतात. तो धरलाच पाहिजे. झाले 100. त्यावर नफा 15, म्हणजे कर वेगळा ठेवून आपल्या हातात 115 यायला हवेत.

पुढची चूक फार जणी करतात. दुकानदार छापील किमतीवर 25 टक्के मागतो आणि आपण 115 वर 25 टक्के चढवून 143.75 छापतो. त्यातले 35.94 त्याचे. आपल्याला उरतात 107.81, म्हणजे नफा जवळपास निम्मा. खरा हिशोब 115 भागिले 0.75, म्हणजे 153.33. हा कागद समोर असला की दर सांगून गप्प बसता येतं. आमच्याकडे नियमच आहे: दर एकदा सांगायचा आणि समोरचा बोलेपर्यंत थांबायचं. सूट द्यायची तर कशाच्या बदल्यात, हे आधी ठरलेलं असतं: जास्त पेट्या किंवा रोख पैसे. ‘साहेब आहेत का?’ असा फोन आला तर उत्तरही ठरलेलं आहे: ‘खरेदी-विक्री मीच बघते, बोला.’ फोन दुसऱ्या कुणाकडे द्यायचा नाही.

बँकेत जाताना ‘जागा नवऱ्याची आहे’ हे बाई स्वतःच आधी सांगून टाकते. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार झालेला नसेल तर साधारणपणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि अर्धा वाटा तिचा असतो. स्थावर गहाण टाकायला दोघांच्या सह्या लागतात. नवऱ्यालाही तिची सही लागते. हे ठाऊक असलेली बाई खुर्चीत वेगळी बसते. याच कायद्यामुळे आणखी एक गोंधळ होतो. आयकर कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मं वाटलं जातं, त्यामुळे तिच्या धंद्याचा अर्धा नफा नवऱ्याच्या विवरणपत्रात दिसतो. तो फक्त कराचा हिशोब. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), अन्न परवाना, चालू खातं आणि चेकवरची सही तिचीच ठेवावी. कर्ज अधिकाऱ्यासमोर यंत्राचं दरपत्रक, खात्याचे उतारे आणि वरचा बाटलीचा कागद ठेवला की बोलणं आकड्यांवर होतं.

उधारीचे थकलेले पैसे मागतानाही ‘तुम्हाला त्रास देते’ अशी सुरुवात नको. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि करार नसला तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा. त्या तारखेला फोन करून बिल क्रमांक आणि रक्कम सांगा, बस्स.

हे सगळं एकीच्याच हाती राहिलं तर बाकीच्या तिच्या तोंडाकडे बघत राहतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला नव्या बाईला एक अख्खं काम देतो: एका वाड्याची (वस्तीची) भिरंड खरेदी. किलोचा कमाल दर आणि दिवसाची रक्कम लिहून द्यायची. किडलेलं, कच्चं फळ परत करायचा अधिकार तिला, वजनकाटाही तिच्याच हातात. त्या मर्यादेत तिनं घेतलेला सौदा आम्ही मागाहून बदलत नाही.