शनिवारचे पाच किलोमीटर: परदेशी मुलांकडे निघालेल्या ज्येष्ठांसाठी

कोथरूडच्या बाजूने रोज पहाटे वेताळ टेकडीवर चढणाऱ्या आमच्या गटात दर वर्षी कोणी ना कोणी दोन-तीन महिन्यांसाठी मुलांकडे परदेशी जाते, आणि परतल्यावर बहुतेकांची तक्रार एकच असते, की तिकडे सगळे छान होते, पण आपला म्हणून जो दिनक्रम असतो तो पार मोडला. मुले कामावर, नातवंडे शाळेत, आणि आपण खिडकीशी. मी ६६ वर्षांची आहे, निवृत्तीनंतर ५८व्या वर्षी धावू लागले, आणि या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे सात आठवड्यांसाठी इंग्लंडमधील लीड्स येथे लेकीकडे निघालो तेव्हा मनात हीच धास्ती होती. तिथे दर शनिवारी होणाऱ्या ‘पार्करन’मुळे ती दूर झाली. टेकडीवरच्या मैत्रिणींनी सगळे तपशीलवार लिहून दे असा आग्रह धरला, म्हणून हा वृत्तांत.

पार्करन म्हणजे एखाद्या सार्वजनिक उद्यानात दर शनिवारी सकाळी होणारी, वेळ नोंदवली जाणारी ५ किलोमीटरची धाव. तिला प्रवेशशुल्क नाही आणि सगळी व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. धावावे, चालावे, थोडे धावून थोडे चालावे, सगळे चालते. तिची सुरुवात लंडनजवळच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी झाली. पॉल सिंटन-ह्यूइट या धावपटूने दुखापतीमुळे स्वतःचे धावणे थांबलेले असताना मित्रांना धावता यावे म्हणून घड्याळ हातात घेतले, आणि त्या दिवशी १३ जण धावले. आता वीसहून अधिक देशांत ती होते. मुहूर्त गांधीजयंतीचा निघाला हा योगायोगच, पण रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसाच्या जन्मदिवशी असे काही सुरू व्हावे याचे मला फार बरे वाटले.

तयारी पुण्यातच करावी लागते, आणि ती जाण्यापूर्वी किमान तीन महिने. टेकडीवर आपण चढ-उताराला सरावलेले असतो, पण सलग सपाटीवर एकाच गतीने पाच किलोमीटर जाणे हे वेगळे काम आहे. ४०० मीटरच्या धावमार्गावर साडेबारा फेऱ्या म्हणजे ५ किलोमीटर होतात. आठवड्यातून एकदा अशा मोजलेल्या अंतरावर घड्याळ लावून जावे, म्हणजे आपली खरी गती कळते. आपल्या डॉक्टरांना ‘चालायला जाते’ असे मोघम न सांगता ‘पाच किलोमीटर धावणार आहे’ असे स्पष्ट सांगून तपासणी करून घ्यावी. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक हृदयाचे ठोके मर्यादित ठेवणारी आहे. अशी गोळी चालू असेल तर मनगटावरच्या घड्याळातील ठोक्यांच्या आकड्यावर विसंबून श्रमाचा अंदाज बांधू नये, कारण दम लागला तरी आकडा फारसा वर जात नाही. त्याऐवजी धावताना एक पूर्ण वाक्य मध्ये न थांबता बोलता येते का, एवढे पाहावे. येत नसेल तर चालू लागावे.

नाव नोंदवण्याचे काम एकदाच करायचे असते, आणि तेही घरी बसून. संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचे त्याचा क्रमांक दिला की ‘ए’ या अक्षराने सुरू होणारा आपला क्रमांक आणि त्याचा बारकोड मिळतो. तोच जगभर आणि कायमचा चालतो. इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. आपत्कालीन संपर्क म्हणून पुण्यातल्या भावाचा किंवा शेजाऱ्यांचा नव्हे, तर तिथे पंधरा मिनिटांत पोहोचू शकेल अशा माणसाचा क्रमांक द्यावा. आणि बारकोड कागदावर छापून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जवळ ठेवावा. मोबाइलवरचा चालतो हे खरे, पण पहिल्या धावेला मी तेवढ्याच भरवशावर गेले आणि शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचेपर्यंत मोबाइल बंद पडला होता. बारकोड नाही तर वेळ नाही, हा नियम सगळ्यांना सारखा आहे. निकालात माझ्या जागी नावाऐवजी ‘अज्ञात’ असे आले आणि मला खरोखर वाईट वाटले. दुसऱ्याच दिवशी जावयांनी चार प्रती छापून आणल्या.

आम्ही लीड्सला गुरुवारी पोहोचलो. दोनच दिवसांनी शनिवार होता, पण त्या शनिवारी धावायचे नाही असे मी निघण्यापूर्वीच ठरवले होते आणि तुम्हीही तसेच ठरवावे. इतक्या तासांच्या विमानप्रवासानंतर पाय सुजलेले असतात, पोटऱ्या आखडलेल्या असतात, शिवाय रात्रीच्या झोपेचा पत्ता नसतो. उन्हाळी वेळेत इंग्लंडचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असल्यामुळे पहाटे तीनलाच टक्क जाग येते. त्यामुळे सकाळी नऊची वेळ गाठणे मात्र अगदी सोपे जाते. पहिल्या शनिवारी आम्ही दोघे वुडहाउस मूर या विद्यापीठाजवळच्या मैदानावर नुसते पाहायला गेलो. झाडांच्या रांगांमधून जाणाऱ्या डांबरी वाटा, कोपऱ्यावर व्हिक्टोरिया राणीचा पुतळा, आणि शेकडो माणसे, ज्यांत विद्यार्थीही होते, बाबागाड्या ढकलत धावणारे आईबापही होते आणि माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे असे काही जणही होते. काहींच्या अंगात हिरवे, काहींच्या अंगात काळे टी-शर्ट होते. काळा म्हणजे शंभर धावा पूर्ण आणि हिरवा म्हणजे अडीचशे, हे मला नंतर कळले. हिरव्या टी-शर्टातले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ काठी टेकत चालत होते, आणि त्यांच्याही मागे एक स्वयंसेवक रमतगमत येत होता. सगळ्यांच्या मागे राहणे हेच त्याचे काम. दर ठिकाणी असा एक जण नेमलेला असतो, त्यामुळे आलेल्यांपैकी कोणीही शेवटचा ठरत नाही. आपण शेवटी राहू आणि लोक आपल्यासाठी खोळंबतील या भीतीने जे घरी बसतात, त्यांच्यासाठी याहून मोठे आश्वासन मला सुचत नाही.

पुढच्या शनिवारी मी धावले. प्रारंभी नवख्यांसाठी वेगळी सूचना-सभा असते. तिला अवश्य उभे राहावे, कारण वळणे आणि फेऱ्या तिथेच सांगतात. वुडहाउस मूरवर तीन फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत एक सौम्य चढ येतो, पण टेकडी चढणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. मग दुरून कोणी आले आहे का असे विचारतात. मी ‘पुणे, भारत’ म्हणाले तेव्हा टाळ्या वाजल्या आणि शेजारच्या तरुण मुलीने, ‘शिकायला पुण्यात होते, कर्वेनगरला,’ असे चक्क मराठीत सांगितले. पायांना वेळ मोजणारी चिप वगैरे नसते, सगळ्यांचे घड्याळ एकाच क्षणी सुरू होते. म्हणून अगदी मागे उभे राहिलो तर काही सेकंद जातात, ते जाऊ द्यावेत आणि मागेच उभे राहावे. पुढच्या गर्दीत धक्का लागून पडणे आपल्या वयाला परवडत नाही. शेवटची रेषा ओलांडल्यावर दोरीने आखलेल्या अरुंद वाटेतून ओळीनेच पुढे जायचे, कोणाला ओलांडायचे नाही, कारण त्या क्रमानेच हातात क्रमांकाचे छोटे टोकन मिळते. आधी आपला बारकोड आणि मग ते टोकन स्वयंसेवकाला दाखवायचे आणि टोकन तिथेच परत द्यायचे. आठवण म्हणून ते घरी नेले तर पुढच्या आठवड्यात क्रमांक कमी पडतो आणि निकाल लावणाऱ्यांची पंचाईत होते.

बंद मोबाइलमुळे ती धाव निकालात हरवली, तरी माझ्या घड्याळाप्रमाणे ४१ मिनिटे १० सेकंद लागले होते. शेवटच्या शनिवारी त्याच वाटेवर ३८ मिनिटे ५० सेकंद लागले, आणि ती वेळ माझ्या नावापुढे आली. त्या निकालात वेळेशेजारी एक टक्केवारी असते, तिच्याकडे ज्येष्ठांनी नीट पाहावे. आपल्या वयाच्या आणि लिंगाच्या व्यक्तीसाठी ठरवलेल्या प्रमाणवेळेला आपल्या वेळेने भागून ती काढतात. म्हणजे पंचविशीतला मुलगा आपल्यापुढे दहा मिनिटे असला, तरी टक्केवारीत आपण त्याच्या बरोबरीने किंवा पुढेही असू शकतो. माझी टक्केवारी पन्नाशीच्या थोडी वर आली. मला तिचा उपयोग असा वाटतो, की दर वर्षी वेळ वाढत जाणार हे मान्य करूनही टक्केवारी टिकवण्याचे ध्येय ठेवता येते.

माझे यजमान गुडघ्यामुळे धावत नाहीत. पहिल्या शनिवारी ते बाकावर बसून होते, आणि तिसऱ्या शनिवारी चमकदार जाकीट घालून वळणावर उभे होते. स्वयंसेवकांची नावे आधी कळवावी लागतात, काम दहा मिनिटांत शिकवतात, आणि त्यांच्या नावावरही स्वयंसेवेची नोंद होते. चाळीस वर्षे कारखान्यात पाळी सांभाळलेल्या माणसाला पुन्हा एकदा कोणीतरी काम नेमून दिले, याचा त्यांना झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. ‘शाब्बास, शाब्बास’ असे ते मराठीतच ओरडत होते आणि धावणारे हसून हात करत होते. ब्रिटनच्या पाहुणे-व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते आणि पार्करन तशी संस्था आहे, म्हणून या बाबतीत निश्चिंत असावे.

एका शनिवारी आम्ही एडिंबऱ्याला होतो. स्कॉटलंडमध्ये धाव साडेनऊला सुरू होते, हे लक्षात ठेवावे. क्रॅमंडच्या समुद्रकाठच्या रस्त्यावरची वाट पूर्ण सपाट आहे, पण समोरून वारा असला तर ती चढाहून अवघड. त्याहून अधिक तिथले काही सांगण्यासारखे नाही.

बुशी पार्कला मात्र खास जावे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून टेडिंग्टनला रेल्वेने जाता येते आणि तिथून उद्यान चालत गाठता येते. मी एक रात्र आधी लंडनमध्ये मुक्काम केला, कारण लीड्सहून पहाटे निघून वेळेवर पोहोचणे शक्य नाही. वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी आखलेला चेस्टनट वृक्षांचा लांबलचक रस्ता, त्यावर डायना या रोमन देवीच्या नावाचे कारंजे, आणि धुक्यात चरणारी हरणे. इथे हजाराहून अधिक माणसे धावतात, त्यामुळे पहिला अर्धा किलोमीटर गर्दीतच जातो. वाट सपाट आहे, पण बरीचशी गवत आणि खडीवरून जाते. दव पडलेल्या गवतावर गुळगुळीत झालेल्या तळव्यांचे बूट घसरतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हा हरणांच्या माजाचा काळ असल्यामुळे नर मोठ्याने डरकाळ्या फोडतात. त्यांच्यापासून किमान ५० मीटर दूर राहावे आणि छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये. धाव संपल्यावर मी बराच वेळ तिथेच थांबले. जिथे १३ जण जमले होते तिथे आपणही टेकडीवरच्या मुरुमावर घासलेले बूट घालून उभे आहोत, हे मला मोठे वाटले.

आता उरलेले व्यवहाराचे. सरावातले, पायात रुळलेले बूट पुण्याहूनच न्यावेत आणि ते हातातल्या सामानात ठेवावेत. थंडी दहा अंशांच्या आसपास असली तरी धावताना पाच मिनिटांत उकडते, म्हणून काढून कमरेला बांधता येईल असा एक पातळ थर पुरे, पण त्यापूर्वी दहा मिनिटे भराभर चालून अंग गरम करणे सोडू नये. ऑक्टोबरमधली ओली पाने डांबरावर शेवाळाइतकी निसरडी असतात. पाणी आपले आपण न्यावे, आणि प्रसाधनगृह प्रत्येक उद्यानात असतेच असे नाही. प्रवासविमा काढताना रक्तदाब, मधुमेह, काही शस्त्रक्रिया झाली असेल तर तीही न लपवता लिहावी, कारण तिथे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर पाहुण्यांकडून भरपूर शुल्क घेतात. औषधांची मूळ नावे असलेली डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असावी. नातवंडाला घेऊन धावायचे असेल तर ११ वर्षांखालील मूल हाताच्या अंतरावर ठेवावे लागते. त्याऐवजी रविवारी ४ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी २ किलोमीटरची वेगळी धाव असते, आणि आमच्या नातीला तीच अधिक आवडली. प्रत्येक शुक्रवारी रात्री त्या त्या ठिकाणचे पान उघडून पाहावे, कारण वादळ किंवा उद्यानातील एखाद्या कार्यक्रमामुळे धाव रद्द झालेली असू शकते.

परतल्यावर टेकडीवर पहिला प्रश्न आला तो फी किती, आणि दुसरा, आपल्याकडे कधी. भारतात पार्करन नाही. पण मोजलेले पाच किलोमीटर, एक घड्याळ आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होऊ शकते, हे आम्ही महिन्याच्या पहिल्या शनिवारी करून पाहू लागलो आहोत. पहिल्या वेळी अकरा जणी होत्या, वही यजमानांनी सांभाळली आणि सर्वांत मागून मी चालले. गटातल्या दोघी जानेवारीत मेलबर्नला मुलांकडे निघाल्या आहेत. तिथे धाव सकाळी आठला असते. सिंगापूरला जाणाऱ्या तिसरीसाठी साडेसात. तिघींचे बारकोड छापून झाले आहेत, आपत्कालीन क्रमांक तेवढे अजून पुण्याचेच आहेत, ते या आठवड्यात बदलून घ्यायचे आहेत.