कार्टून वाहिन्या आणि सात मिनिटांची संधी

लहान मुलांच्या कार्टून वाहिन्या आक्रसत चालल्या आहेत, काही बंदही पडल्या आहेत, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्यांना बालपणाच्या आठवणींत रमलेले म्हणून बाजूला सारले जाते. मला हे मान्य नाही. जुनी कार्टून्स शोधली तर बहुतेक मिळतात. ज्या व्यवस्थेतून नवी कार्टून्स जन्माला येत होती, ती मात्र मोडते आहे.

कार्टून नेटवर्क १ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झाले, तेव्हा वाहिनीचे मालक टेड टर्नर यांनी विकत घेतलेला हॅना-बार्बेरा या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा जुना साठा हेच त्याचे मुख्य भांडवल होते. पण चोवीस तास वाहिनी चालवायची, तर जुन्यावर किती दिवस भागणार? या गरजेतून हॅना-बार्बेराचे तेव्हाचे प्रमुख फ्रेड सायबर्ट यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये ‘व्हॉट अ कार्टून!’ हा उपक्रम आला: प्रत्येकी सुमारे सात मिनिटांच्या ४८ चित्रफिती, आणि प्रत्येकीची कल्पना रंगवण्याची मुभा ती मांडणाऱ्या चित्रकाराला. ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’, ‘जॉनी ब्राव्हो’ आणि ‘द पॉवरपफ गर्ल्स’ ही सगळी मंडळी तिथूनच पुढे आली. डेक्स्टरचे जनक गेंडी टार्टाकोव्स्की आणि पॉवरपफचे क्रेग मॅक्रॅकन यांनी या पात्रांची पहिली रूपे कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातील कलासंस्थेत शिकत असतानाच रेखाटली होती. बहुतेक चित्रफितींची मालिका झाली नाही, पण त्या वायाही गेल्या नाहीत. त्याही वाहिनीवर दाखवल्या गेल्या. नवख्या माणसाच्या अपयशालाही वेळापत्रकात जागा मिळत होती, हे मला फार मोलाचे वाटते.

केबलचे वर्गणीदार आणि जाहिरातदार या दोघांच्या पैशांवर हा डोलारा उभा होता. दोन्ही ओघ आटू लागले तसा मालक कंपन्यांनीच आपला मोहरा कार्यक्रम थेट इंटरनेटवर दाखवणाऱ्या स्वतःच्या अ‍ॅपकडे वळवला. ब्रिटनमधील डिस्ने चॅनेल २०२० मध्ये बंद करून त्याचे कार्यक्रम डिस्ने प्लसवर हलवण्यात आले. अमेरिकेत कार्टून नेटवर्कचे संध्याकाळचे तास टप्प्याटप्प्याने त्याच वाहिनीवरच्या, प्रौढांसाठीच्या अ‍ॅडल्ट स्विम या विभागाकडे गेले आणि २०२३ मध्ये ती सीमा सायंकाळी पाचपर्यंत मागे आली. शाळेतून आलेले मूल दप्तर टाकून टीव्हीसमोर बसते, ती हीच वेळ.

अ‍ॅपवर मूल काय करते, हे जरा जवळून पाहावे. चौकोनी चित्रांच्या रांगांवरून बोट फिरते, ओळखीच्या चेहऱ्यावर थांबते, भाग संपतो आणि काही क्षणांत त्याच मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू होतो. वाहिनीवर आवडत्या मालिकेला लागून एखादी अनोळखी मालिका मुद्दाम लावली जात असे. मूल कंटाळा करत का होईना, जागेवर बसून राही आणि आठवडाभरात तिचे शीर्षकगीत गुणगुणू लागे. ही जोडी जुळवणारे माणूस होते आणि त्याला मुलांची नस ठाऊक होती. (खेळणी आणि गोड खाऊ मुलांच्या गळी उतरवणाऱ्या त्या जाहिरातींसाठी मात्र मी अश्रू ढाळणार नाही.)

शिवाय अ‍ॅपवर आलेली मालिका तिथे टिकेलच, याचीही खात्री नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कार्टून नेटवर्कच्याच मालक कंपनीच्या एचबीओ मॅक्स या अ‍ॅपने ‘इन्फिनिटी ट्रेन’सह अनेक अ‍ॅनिमेशन मालिका खर्च वाचवण्यासाठी काढून टाकल्या.

नव्या चित्रकारांना यूट्यूब आहे, असे म्हटले जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे आलेल्या ‘द अमेझिंग डिजिटल सर्कस’ या अ‍ॅनिमेशन मालिकेने अफाट प्रेक्षक मिळवले, हे खरेच. पण ती मालिका मुख्यतः किशोरवयीन आणि त्याहून मोठ्या प्रेक्षकांसाठी आहे. मुलांची खासगी माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात यूट्यूबला अमेरिकेत २०१९ मध्ये १७ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली आणि जानेवारी २०२० पासून मुलांसाठीच्या व्हिडिओंवर व्यक्तिगत, म्हणजे पाहणाऱ्याची माहिती वापरून दाखवल्या जाणाऱ्या, जाहिराती बंद झाल्या. निर्णय योग्यच होता, पण त्यामुळे अशा व्हिडिओंची मिळकत घटली. मग सहा वर्षांच्या मुलासाठी सावकाश, हाताने रेखाटलेली सात मिनिटे करू पाहणाऱ्या चित्रकाराला आज पैसे कोण देणार, याचे उत्तर या वाहिन्यांच्या मालकांनीच द्यायला हवे. याच वाहिन्यांवर वाढलेल्या पात्रांच्या जोरावर त्यांनी आपली अ‍ॅप्स विकली आहेत.