पेट्या खराब आहेत असं लिहून द्या

परभणीत माझं पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात वाळूज एमआयडीसीतल्या एका गोदामातून फोन आला, पन्नासेक पेट्या बघायच्यात म्हणे. मला वाटलं मोठं काम आलं, सगळं सामान घेऊन गेलो, तर तिथं गेल्यावर कळलं की दुरुस्ती करायचीच नाहीये. "या पेट्या दुरुस्त होण्यासारख्या नाहीत" असं लिहून खाली सही करायची, एवढंच. पैसे चांगले देणार होते. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पेट्या त्यांच्याच कारखान्यातल्या, डीलरकडून न खपता परत आलेल्या, बऱ्याच तर खोक्यातून बाहेरच निघाल्या नव्हत्या. साडेतीन सप्तकं, 42 पट्ट्या, दुहेरी सूर, म्हणजे एका पेटीत 84 सूर. सूर म्हणजे आतला पितळेचा तुकडा, त्याची जीभ हवेनं थरथरली की आवाज येतो. मी म्हणलं, न बघता सही करणार नाही, आधी उघडून बघतो. कंपनीच्या साहेबांना ते आवडलं नाही, पण स्टोअरमधल्या पोराला माझ्यासोबत दिलं.

पेटी बघायची म्हणजे आधी भाता. पूर्ण भरायचा, एकही पट्टी दाबायची नाही, आणि भाता किती वेळात बसतो ते बघायचं. भसकन बसला तर हवा कुठंतरी गळतीय. यातल्या बहुतेक पेट्यांचा भाता सावकाश बसत होता, नव्या पेटीचा बसावा तसा. पत्र्याच्या गोदामात आपल्या मराठवाड्याच्या उन्हात राहिल्यानं लाकूड सुकलं होतं, त्यामुळं काहींच्या पट्टीखालची, हवेचं भोक झाकणारी गादी उचलली गेली होती आणि बोट न लावता एखादा सूर आपोआप वाजत होता. गादी बसवायची, स्प्रिंगला जरा ताण द्यायचा, झालं. काही सूर धुळीनं मुके झाले होते, त्यांच्या जिभेखालून पातळ पत्ती फिरवली की बोलायला लागले. थोडे उतरलेले होते. उतरलेला सूर टोकाकडं घासला की चढतो, बुडाकडं घासला की उतरतो, पण घासायचं किती हे कानाला कळावं लागतं, जास्त घासलं की तो सूर गेला. हे ट्युनर मशीनवर बघून करणारे आता पुष्कळ झालेत, सुई बरोबर जागी आली की पुढचा सूर, दोन सूर एकत्र वाजवून ऐकत कुणी नाही. असो. सांगायचं काय तर संध्याकाळपर्यंत मी निम्म्याहून जास्त पेट्या उघडल्या आणि दुरुस्त होणार नाही अशी एकही सापडली नाही. खालच्या थप्पीतल्या दोन पेट्यांचे भाते उंदरानं कुरतडले होते, त्यांनाही नवं चामडं लावलं असतं तर चालल्या असत्या.

मी कागदावर तसंच लिहिलं. उघडून बघितलेल्या सगळ्या दुरुस्त होतात, खाली सही.

साहेबांनी कागद वाचला आणि सरळच सांगितलं, "काका, नवीन मॉडेल येतंय. ह्या बाजारात स्वस्तात गेल्या तर डीलर नवीन उचलणार नाही." म्हणजे पेट्या फोडायच्या होत्या, त्यासाठी माझी सही. मी म्हणलं मग विकू नका, मानवत, पाथरी, सेलूकडच्या भजनी मंडळांना द्या, झेडपीच्या शाळांना द्या, मी गावांची यादी देतो, दुरुस्तीची मजुरीपण घेत नाही. ही मंडळं तुमचं नवीन मॉडेल घेणारच नाहीत ओ, सप्त्याच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात जुनीच पेटी माझ्याकडून दरसाल चालू करून नेतात. तुमचं गिऱ्हाईक कुठं कमी होतंय? तर म्हणे, फुकट दिलं की जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे कच्च्या मालावरच्या कराची घेतलेली वजावट, परत भरावं लागतं.

परभणीत आल्यावर ओळखीच्या सीएला विचारलं. तो म्हणला, फोडलं तरी भरावंच लागतं, जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मध्ये नष्ट केलेला माल आणि भेट दिलेला माल एकाच ओळीत घातलाय. म्हणजे कराचं कारण नुसतं तोंडावर मारायला होतं.

नंतर त्या स्टोअरमधल्या पोराचा फोन आला. "मामा, फोडल्या." दुसऱ्या कुणीतरी सही दिली होती. आमच्याच धंद्यातला माणूस, पेटी उघडून न बघता, आणि याचा मला साहेबापेक्षा जास्त राग आहे, साहेबाला सुरातलं काय कळतंय, याला तर कळत होतं. भाते ब्लेडनं फाडले, कुणी उचलून वापरू नये म्हणून, मग घण घातले, आणि पितळ किलोच्या भावानं भंगारात. सूर पितळेचे असतात, गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर म्हणलं की आमच्याकडं माणूस दोन पैसे जास्त देतो, कारण प्रत्येक जीभ कुणीतरी हातानं घासून, कानानं ऐकून जागेवर आणलेली असते. निदान सूरपट, म्हणजे सूर बसवलेल्या फळ्या, तरी काढून द्यायचे होते, मला कितीतरी वर्षं पुरले असते.

2019 मध्ये गिब्सन या अमेरिकेतल्या गिटार कंपनीचा व्हिडिओ बाहेर आला होता, फायरबर्ड एक्स नावाच्या शेकडो गिटारी जमिनीवर पसरून वरून पोकलेन फिरवलेलं. कंपनीनं सांगितलं की त्यात धोकादायक पार्ट होते, दुरुस्त होण्यापलीकडं होत्या. त्या गिटारीत आपोआप सूर लावायची यंत्रणा होती, इलेक्ट्रॉनिक्स होतं, तेव्हा खरं असेलही, मी काही ती उघडून पाहिली नाही. वाळूजच्या पेट्या मात्र मी माझ्या हातानं उघडल्यात. फ्रान्सनं तर 2020 मध्ये कायदाच केला, न खपलेला माल फोडायचा-जाळायचा नाही, दान करा, परत वापरा नाहीतर रिसायकल करा, आणि 2022 पासून तो लागू झाला. म्हणजे करायचं म्हणलं तर होतं.

आकाशवाणीनं 1940 ला पेटी बंद केली ती 1971 पर्यंत, एवढी वर्षं रेडिओवर नसताना पेटी कुठं टिकली तर भजनात, कीर्तनात, देवळात. त्याच देवळांत आज फाटक्या भात्याला चिकटपट्टी लावून हरिपाठ चाललाय, आणि इकडं चांगले भाते ब्लेडनं फाडले.

परभणी, हिंगोली, जालना, बीड, कुठल्याही डीलरकडं न खपलेल्या, परत पाठवायच्या पेट्या पडून असतील तर पाठवायच्या आधी मला सांगा. टेम्पो घेऊन मी येतो, भाड्याचं मंडळवाल्यांशी बोलून ठेवलंय.