समुद्राला आत घेणारे दार

अमेरिकन कवी लाँगफेलोची ‘इव्हँजेलिन’ ही कथाकविता मी पहिल्यांदा वाचली ती रडण्याच्या तयारीनेच, आणि तिने निराश केले नाही. वाङ्निश्चयाच्या दुसऱ्याच दिवशी गावावर कोसळलेली हद्दपारी, निरनिराळ्या जहाजांवर चढवलेले इव्हँजेलिन आणि गॅब्रिएल, आणि मग जन्मभराचा शोध. लुइझियानात ती थकून झोपलेली असताना गॅब्रिएलची होडी बेटाच्या पलीकडच्या अंगाने निघून जाते. भेट होते ती फिलाडेल्फियात, साथीच्या दिवसांत, तो अखेरच्या घटका मोजत असताना.

दुसऱ्या वाचनात मात्र माझे पाऊल सुरुवातीच्याच एका तपशिलावर अडखळले. गावकऱ्यांनी खपून घातलेल्या बांधांना दरवाजे होते आणि ठरावीक काळी ते उघडून समुद्राला कुरणांवर मोकळे सोडत असत, असे कवी सांगतो. कोकणातल्या माणसाला हे खटकणारच, कारण खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, उघाडीचे (दाराचे) रोजचे काम नेमके उलटे असते. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या ग्रां-प्रे गावचे, म्हणजे कवितेतल्याच गावचे, अकेडियन (फ्रेंच वंशाचे) शेतकरी बांधाच्या पोटात लाकडी नळ घालत आणि त्यात बिजागरीवर झुलणारी एक झडप बसवत. ओहोटीला शेतातले गोडे पाणी ती झडप ढकलून बाहेर पडे. भरती चढू लागली की समुद्रच आपल्या दाबाने तिला लावून घेई. राखणदार नको, कुलूप नको. पावसाने आणि बर्फाच्या पाण्याने मीठ धुऊन निघायला दोनतीन वर्षे लागत, मग तिथे गहू डोलू लागे. फंडीच्या उपसागराची भरती जगातली सर्वांत उंच, काही ठिकाणी १५ मीटरच्याही वर. तिला या हातभर फळीने थोपवले होते. नळ आणि झडप मिळून झालेल्या या रचनेला ते ‘आब्वातो’ म्हणत. गोव्यातल्या खाजनांत, म्हणजे बांधाने राखलेल्या खाडीकाठच्या शेतांत, तिची बहीण ‘मानस’ म्हणून ओळखली जाते.

लाँगफेलो ग्रां-प्रेला कधी गेलाच नव्हता. ही गोष्ट त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या आपल्या घरी जेवणाच्या टेबलावर ऐकली. सांगणाऱ्याने ती आधी कादंबरीकार हॉथॉर्नला देऊ केली होती, पण त्याला ती भावली नाही. १८४७ साली कविता प्रसिद्ध झाली ती ‘हे आदिम अरण्य’ अशा सुरुवातीने, जिथे खरे तर ओळख पटावी ती भरतीखालून सोडवलेल्या सपाट शेतांनी. ५ सप्टेंबर १७५५ रोजी चर्चमध्ये बोलावून घेतलेल्या ४१८ पुरुषांना आणि मुलांना हद्दपारीचा हुकूम ऐकवणारा कर्नल विन्स्लो मॅसॅच्युसेट्सचा होता, म्हणजे कवीच्याच मुलखातला. कविता सारा दोष दूरच्या इंग्लंडच्या राजाच्या पदरात घालते, हे मला जरा सोयीचे वाटते.

आणि तरीही ज्यांची ही गोष्ट, त्यांनी ती उचलून धरली. क्वेबेकचा कवी पांफिल लमे याने १८६५ साली ती फ्रेंचमध्ये आणली. १८८७ साली अकेडियनांनी वर्तमानपत्र काढले, त्याचे नावच ‘लेव्हाँजेलिन’, आणि ते १९८२ पर्यंत चालले. ग्रां-प्रेत १९२० पासून ती ब्राँझमध्ये उभी आहे, मान वळवून मागे पाहणारी. लुइझियानात तर लोकांनी कवीवरही कडी केली: १९०७ च्या एका पुस्तकाने खरी इव्हँजेलिन म्हणून एमेलिन लाबिश नावाची मुलगी पुढे केली, आणि सेंट मार्टिनव्हिलच्या चर्चमागे तिच्या नावाने जी मूर्ती बसली, तिचा चेहरा मूकपटातल्या दोलोरेस देल रिओ या मेक्सिकन अभिनेत्रीचा. जी कधी जन्मलीच नाही तिला गाव मिळाले, झाड मिळाले आणि चेहराही मिळाला. हे पाहून हसू येते, पण आपल्या आज्यांची नावे जहाजांच्या गर्दीत पुसली गेलेल्या माणसांनी हाती लागलेले एक नाव घट्ट धरले तर त्यांना हसण्याचा अधिकार माझ्याकडे नाही.

माझी तक्रार इतकीच, की या रडण्यात ती झडप राहून गेली. १७५९ च्या नोव्हेंबरातल्या वादळाने ग्रां-प्रेच्या परिसरातले बांध फोडले आणि खारे पाणी शेतांत शिरले. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडहून नवे मालक जमिनी ताब्यात घ्यायला आले, पण त्यांच्यापैकी कुणाला समुद्र अडवता येत नव्हता. अखेर बांध घालायला माणसे आणली ती जवळच्या किल्ल्यात कोंडलेली. अकेडियन कैदी, आपल्याच शेतांवर, मजुरीने.